पॉड चालू, डिबगर गायब: एका रेल्स ॲपच्या ऑथेंटिकेशनचं प्रकरण

पुण्यातली एक छोटी कंपनी बसची तिकिटं ऑनलाइन विकते. नाव इथे देत नाही, कारण त्याची गरज नाही. ॲप रूबी ऑन रेल्समध्ये, म्हणजे रूबी भाषेच्या वेब फ्रेमवर्कमध्ये, लिहिलेलं. वेब आणि एपीआयचा भाग गूगल क्लाउडच्या मुंबई रीजनमधल्या कुबरनेटिस क्लस्टरवर, म्हणजे जीकेईवर. कुबरनेटिस अनेक मशीनवर (त्यांना नोड म्हणतात) ॲपच्या प्रती चालवतं; अशी एक प्रत म्हणजे पॉड. परतावे बँकेकडे पाठवणारा सायडकिक वर्कर, म्हणजे मागे चालून कामं उरकणारा प्रोग्रॅम, मात्र दुसऱ्याच एका डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेल्या जुन्या सर्व्हरवर. कारण साधं होतं. बँकेने त्या सर्व्हरचा आयपी पत्ता व्हाइटलिस्ट केला होता, म्हणजे परवानगीच्या यादीत टाकला होता. नवा आयपी व्हाइटलिस्ट करून घ्यायचा म्हणजे अर्ज, फॉलोअप, पुन्हा अर्ज. त्या मशीनला हात लावायला कोणी तयार नव्हतं.

तक्रार होती एका पैशाची. रद्द झालेल्या काही तिकिटांच्या परताव्यात एक पैसा कमी जायचा. एका पैशासाठी कोण भांडतंय, असं कुणालाही वाटेल. पण बँकेची सेटलमेंट फाइल एका पैशाने जरी जुळली नाही तरी ती नोंद बाजूला पडते आणि अकाउंट्सच्या काकांना ती हाताने निकालात काढावी लागते. काकांनी प्रिंटआउट आणून टीम लीडच्या टेबलावर ठेवलं, "हे बघा मॅडम, परत तेच," आणि विषय पेटला. स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, तो दोष काही केल्या दिसत नव्हता.

लॉग (ॲपच्या कामाच्या नोंदी) वाढवायचे, डिप्लॉय करायचं (नवा कोड सर्व्हरवर चढवायचा), वाट बघायची, चुकीच्या ठिकाणी लॉग टाकल्याचं कळायचं, की पुन्हा डिप्लॉय. हे दुष्टचक्र टाळायला त्यांनी गूगलचा क्लाउड डिबगर लावायचं ठरवलं. तेव्हा २०२१ साल चालू होतं आणि ही सेवा सुरू होती. चालू प्रॉडक्शन ॲप न थांबवता, कोडच्या एखाद्या ओळीवर तेव्हाचे लोकल व्हेरिएबल (त्या क्षणीच्या किमती) आणि कॉल स्टॅक (कोड तिथवर कसा पोहोचला ती साखळी) टिपणं हे तिचं काम. याला स्नॅपशॉट म्हणत. त्याच ओळीवर डिप्लॉयशिवाय लॉग टाकण्याला लॉगपॉइंट. ॲपमध्ये 'गूगल-क्लाउड-डिबगर' नावाची जेम, म्हणजे रूबीची लायब्ररी, टाकायची. ती एक एजंट सुरू करते. एजंट स्वतःहून गूगलच्या सर्व्हिसकडे नोंदणी करतो आणि मग "माझ्यासाठी काही ब्रेकपॉइंट आहेत का?" हे विचारत राहतो (ब्रेकपॉइंट म्हणजे जिथे टिपायचं ती ओळ). बाहेरून आत येणारा एकही पोर्ट उघडावा लागत नाही. सिक्युरिटीवाल्यांनी हेच ऐकून होकार दिला.

मला बोलावलं ते जेम टाकून झाल्यावर. जेमफाइलमध्ये ओळ होती, डिप्लॉय झालं होतं, पॉड हिरवे होते आणि गूगलच्या कन्सोलमध्ये डिबग करण्यासाठी ॲपच दिसत नव्हतं.

"अरे, पॉड तर ग्रीन आहेत ना?" टीम लीडने डेवऑप्सच्या मुलाला विचारलं.

"ग्रीन आहेत गं. पण डिबगरच्या पानावर आपलं नावच नाही. एरर पण नाही कुठे."

प्रकरण अवघड झालं ते या 'एरर पण नाही'मुळे. ही लायब्ररी लिहिणाऱ्यांचा विचार सरळ होता: डिबगर चालला नाही म्हणून गिऱ्हाइकाचं ॲप पडता कामा नये. विचार बरोबरच आहे, पण त्याचा एक परिणाम असा की ऑथेंटिकेशन, म्हणजे ओळख पटवणं, फसलं तरी आरडाओरडा होत नाही. रेल्स बूट होताना जेमचा रेलटाय (रेल्ससोबत आपोआप चालणारा भाग) क्रेडेन्शियल्स, म्हणजे ओळखपत्रं, तपासतो. ती मिळालीच नाहीत, तर तो स्टँडर्ड आउटपुटवर एक 'नोट' छापतो, की सर्व्हिसकडे ऑथराइज करता आलं नाही म्हणून डिबगर बंद ठेवला आहे, आणि पुढे जातो. ॲप व्यवस्थित उघडतं. शेकडो ओळींच्या बूट लॉगमध्ये ती एक ओळ कोण बघणार? आणि क्रेडेन्शियल्स मिळाली पण त्यांना परवानगी नसली, तर ती ओळसुद्धा येत नाही. मग चूक एजंटच्या मागच्या थ्रेडमध्ये होते आणि तिथेच राहते.

म्हणून पहिलं काम सोपं होतं: एजंटलाच विचारायचं. एका पॉडमध्ये रेल्स कन्सोल उघडला, हाताने डिबगरचा ऑब्जेक्ट बनवला, सुरू केला, थोडं थांबलो आणि एजंटच्या 'लास्ट एक्सेप्शन'ची किंमत छापली. कन्सोल ही वेगळी प्रोसेस असते हे खरं, पण एन्व्हायरन्मेंट तेच असतं. त्यामुळे क्रेडेन्शियल्सही तीच उचलली जातात आणि दुखणंही तेच दिसतं. उत्तर आलं: परमिशन डिनाइड, कॉलरकडे परवानगी नाही.

इथे टीमने लगेच निष्कर्ष काढला की रोल, म्हणजे परवानग्यांचा संच, द्यायचा राहिला. डेवऑप्सच्या मुलाने आयएएमचं, म्हणजे गूगल क्लाउडच्या परवानग्यांचं, पान उघडलंही. मी त्याला थांबवलं, कारण त्याआधी एक प्रश्न उरतो: कॉलर म्हणजे नेमका कोण? आत्ता या प्रोसेसमधून गूगलकडे गेलेली विनंती कोणाच्या नावावर गेली?

कोणाच्या नावावर?

रूबीच्या या जेमचा क्रेडेन्शियल्स शोधायचा क्रम ठरलेला आहे. कोडमध्ये थेट दिलेली क्रेडेन्शियल्स सगळ्यात आधी. ती नसतील तर एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल (ॲपला बाहेरून दिलेली सेटिंग्ज): पहिल्यांदा डिबगरच्या नावाने सुरू होणारी, म्हणजे 'डिबगर क्रेडेन्शियल्स' आणि 'डिबगर कीफाइल'; त्यानंतर सगळ्या गूगल लायब्ररींना सामाईक असलेली 'गूगल क्लाउड क्रेडेन्शियल्स', 'गूगल क्लाउड कीफाइल'; आणि 'गूगल ॲप्लिकेशन क्रेडेन्शियल्स'. यातलं काहीच नसेल तर मशीनवर जीक्लाउडने (गूगल क्लाउडच्या कमांड-लाइन साधनाने) ठेवलेली डिफॉल्ट क्रेडेन्शियल्सची फाइल. तीही नसेल तर शेवटी मशीनची ओळख सांगणारा मेटाडेटा सर्व्हर, जो गूगलच्याच मशीनवर १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर उत्तर देतो. जे पहिलं सापडेल ते घेतलं जातं आणि शोध तिथेच थांबतो. सापडलेल्या ओळखीला या कामाची परवानगी आहे का, हे त्या टप्प्यावर कोणी बघत नाही.

यांच्या हेल्म चार्टमध्ये, म्हणजे कुबरनेटिसवर ॲप चढवायच्या सेटिंग्जमध्ये, 'गूगल क्लाउड कीफाइल' हे व्हेरिएबल कित्येक महिन्यांपासून बसलेलं होतं. तिकिटांच्या पीडीएफ क्लाउड स्टोरेजवर टाकायला बनवलेल्या एका सर्व्हिस अकाउंटची (माणसाऐवजी प्रोग्रॅमसाठीच्या खात्याची) की त्यात होती. ज्याने ते टाकलं त्याच्या मते ती 'स्टोरेजची की' होती, पण नाव सामाईक होतं. त्यामुळे डिबगरनेही विनातक्रार तीच उचलली. टोकन (थोड्या वेळाचा प्रवेश-पास) मिळालं, म्हणून रेलटाय समाधानी आणि 'नोट' छापली गेली नाही. नोंदणी करायला गेल्यावर डिबगर सर्व्हिसने सांगितलं की या अकाउंटला परवानगी नाही. तेही खरंच होतं.

आता दोन वाटा होत्या. स्टोरेजच्याच अकाउंटला डिबगर एजंटचा रोल देऊन टाकायचा, म्हणजे दोन मिनिटांचं काम. टीममधल्या दोघांना तेच हवं होतं. माझा विरोध होता आणि टीम लीडने तो मानला. कारण सांगतो. पीडीएफ अपलोड करणारी की कुठे कुठे पसरली आहे हे त्यांना स्वतःलाच सांगता येत नव्हतं: सीआयमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) होती, एका जुन्या स्क्रिप्टमध्ये होती, बहुधा कोणाच्या तरी लॅपटॉपवरही. एजंटचा रोल असलेल्या की ने कोणीही 'मी तुमचं ॲप' म्हणून नोंदणी करू शकतो आणि डेव्हलपरने लावलेले ब्रेकपॉइंट, त्यातल्या अटींसकट, वाचू शकतो. चार ठिकाणी लोळणाऱ्या की ला असा अधिकार द्यायचा नसतो. उलट दिशाही तितकीच वाईट. उद्या डिबगर काढून टाकला तरी तो रोल त्या अकाउंटवर राहणार, आणि पीडीएफचं काम बंद पडेल या भीतीने त्याला कोणी हात लावणार नाही.

म्हणून डिबगरसाठी वेगळं सर्व्हिस अकाउंट बनवलं आणि त्याला फक्त 'क्लाउड डिबगर एजंट' हा रोल दिला. चार्टमधल्या सामाईक व्हेरिएबलचं नाव बदलून 'स्टोरेज कीफाइल' केलं. स्टोरेजची जेम ते नाव आधी बघते, त्यामुळे पीडीएफ चालू राहिल्या. डिबगरसाठी जीकेईवर की फाइल ठेवायचीच नाही, मेटाडेटा सर्व्हरकडून टोकन घ्यायचं, असं ठरलं. गूगलच्याच मशीनवर चालणाऱ्या कोडला की फाइल हातात देणं म्हणजे विनाकारण जोखीम वाढवणं.

व्हेरिएबलचं नाव बदलल्यावर पुन्हा डिप्लॉय, पुन्हा तोच कन्सोलचा प्रयोग. यावेळी एरर वेगळी: विनंतीला पुरेसे ऑथेंटिकेशन स्कोप नाहीत.

टीमला वाटलं हे मघाचंच दुखणं आहे. दोन्ही वेळा ४०३ (नकाराचा कोड), दोन्ही वेळा परमिशन डिनाइड. पण या वाक्यातल्या फरकावर बरंच काही अवलंबून असतं, म्हणून इथे जरा थांबतो. 'कॉलरकडे परवानगी नाही' म्हणजे ओळख पटली, पण त्या अकाउंटला रोल नाही. उपाय आयएएममध्ये. 'स्कोप पुरेसे नाहीत' म्हणजे टोकनच मर्यादित कामांसाठी दिलेलं आहे. अकाउंटला हवा तो रोल द्या, फरक पडणार नाही. पास तुमच्याच नावाचा, फोटोही तुमचाच, पण स्वारगेट ते हडपसर एवढाच. कोथरूडच्या बसमध्ये कंडक्टर तो चालवून घेणार नाही. तिसरा एक निरोप असतो, की हा एपीआय या प्रोजेक्टमध्ये सुरू केलेला नाही. तोही ४०३ म्हणूनच येतो आणि त्याचा रोल किंवा स्कोप कशाशीच संबंध नसतो. लोक आकडा वाचतात आणि वाक्य सोडून देतात.

स्कोप कुठून आले? पॉड अजून नोडच्याच डिफॉल्ट सर्व्हिस अकाउंटने बोलत होता. जीकेईचा नोड पूल (नोडचा गट) बनवताना वेगळं काही सांगितलं नाही तर त्याला ठरावीक स्कोप मिळतात: स्टोरेज वाचणं, लॉग लिहिणं, मॉनिटरिंग, ट्रेस वगैरे. डिबगरचा स्कोप त्यात नसतो. आणि चालू नोड पूलचे स्कोप बदलता येत नाहीत. नवा पूल बनवून पॉड तिकडे हलवावे लागतात. तो मार्ग घेतला असता तरी हातात आलं असतं ते नोडचं अकाउंट, म्हणजे त्या नोडवरच्या प्रत्येक पॉडला तीच ओळख आणि तेच अधिकार. नवा पूल बनवायचाच आहे तर वर्कलोड आयडेंटिटी चालू करूनच बनवू, असा निर्णय झाला. त्यात कुबरनेटिसमधलं सर्व्हिस अकाउंट आयएएममधल्या सर्व्हिस अकाउंटशी बांधलं जातं. कुबरनेटिसच्या बाजूला एक ॲनोटेशन, गूगलच्या बाजूला 'वर्कलोड आयडेंटिटी यूजर' हा रोल. दोन्ही टोकं जुळली तर पॉडमधून मेटाडेटा सर्व्हरला विचारल्यावर नोडच्या ऐवजी त्या पॉडच्या अकाउंटचं टोकन मिळतं. एक टोक जरी विसरलं तरी मिळत नाही. नेमस्पेसचं (कुबरनेटिसमधल्या कप्प्याचं) नाव एका अक्षराने चुकल्यामुळे एक दुपार त्यात गेली. ते सविस्तर सांगण्यात अर्थ नाही.

दिसतो, दिसत नाही

कन्सोलमध्ये ॲप दिसलं. टीम लीडने स्नॅपशॉट लावला, तो टिपला गेला, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी डिप्लॉयनंतर तक्रार आली: कधी टिपतो, कधी नाही. त्या ओळीतून विनंत्या जाताना लॉगमध्ये दिसतात, तरी स्नॅपशॉट नुसता वाट बघत बसतो.

या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. एकाच सर्व्हिसचे, एकाच व्हर्जनचे सगळे पॉड डिबगरच्या दृष्टीने एकच ॲप असतात. ज्या पॉडमध्ये ती ओळ आधी चालेल तो स्नॅपशॉट टिपतो. म्हणजे काही पॉडमध्ये एजंट चालू आणि काहींमध्ये बंद असेल, तर कन्सोलला सगळं आलबेल दिसतं आणि निकाल मात्र नशिबावर. प्रत्येक पॉडचा बूट लॉग वेगवेगळा काढला. काहींमध्ये ती 'नोट' होती, की ऑथराइज करता आलं नाही म्हणून डिबगर बंद. एकच इमेज, एकच कॉन्फिगरेशन, एकच नोड पूल. तरी काही पॉड पास, काही नापास.

"नेटवर्क असेल," डेवऑप्सचा मुलगा म्हणाला. असं म्हणण्याशिवाय दुसरं काही सुचणंही कठीण होतं.

खरं कारण जीकेईच्या दस्तऐवजात लिहिलेलं होतं, पण लोक तिथपर्यंत वाचत नाहीत. वर्कलोड आयडेंटिटीमध्ये पॉडला उत्तर देणारा मेटाडेटा सर्व्हर नोडवर चालतो आणि नवा पॉड जन्मल्यावर त्याच्या विनंत्या स्वीकारायला त्याला काही सेकंद लागतात. त्या काही सेकंदांत कोणी टोकन मागितलं तर ते मिळेलच असं नाही. बहुतेक लायब्ररींना याने फरक पडत नाही, कारण त्या पहिल्यांदा वापरल्या जातात तेव्हा टोकन मागतात, आणि नाही मिळालं तर पुन्हा मागतात. डिबगरचा रेलटाय मात्र बूट होतानाच, एकदाच विचारतो. नाही म्हटलं की ती प्रोसेस मरेपर्यंत डिबगर बंद. नोडवर गर्दी असताना उठलेले पॉड त्यात सापडायचे, शांत वेळी उठलेले सुटायचे. डिप्लॉयच्या वेळी सगळे पॉड एकदम उठतात, म्हणून दोष डिप्लॉयनंतरच दिसायचा.

उपायही तिथेच लिहिलेला होता. मुख्य कंटेनरच्या आधी एक इनिट कंटेनर लावायचा. तो 'मेटाडेटा-फ्लेवर: गूगल' हे हेडर लावून मेटाडेटा सर्व्हरकडे टोकन मागत राहतो, आणि उत्तर मिळालं की संपतो. त्यानंतरच रेल्स उठतं. चार्टमध्ये थोड्याच ओळी वाढल्या. त्यासोबत आणखी एक गोष्ट केली, जी मी प्रत्येक ठिकाणी आग्रहाने करायला लावतो: बूट लॉगमधली ती 'नोट' शोधणारा एक अलर्ट. लायब्ररी ओरडणार नसेल तर तिच्या वतीने दुसऱ्या कोणी तरी ओरडायला हवं.

लॅपटॉपचा विषय थोडक्यात. एका डेव्हलपरने 'जीक्लाउड ऑथ लॉगिन' केलं आणि तरी लायब्ररीला क्रेडेन्शियल्स सापडेनात. ते लॉगिन जीक्लाउडच्या कमांडपुरतं असतं. लायब्ररीसाठी 'जीक्लाउड ऑथ ॲप्लिकेशन-डिफॉल्ट लॉगिन' ही वेगळी कमांड आहे. ती केल्यावर निरोप आला की प्रोजेक्ट ७६४०८६०५१८५० मध्ये हा एपीआय सुरू नाही. हा नंबर आपल्या कुठल्याच प्रोजेक्टचा नाही म्हणून तो चक्रावला. नंबर जीक्लाउडच्या स्वतःच्या क्लायंटचा आहे. माणसाच्या लॉगिनने गेलेली विनंती काही वेळा त्याच्या खात्यावर मोजली जाते. रेल्समध्ये हा डिबगर मुळात प्रॉडक्शनमध्येच आपोआप चालू व्हायचा, डेव्हलपमेंटमध्ये मुद्दाम चालू करावा लागायचा. लॅपटॉपवर साधा डिबगर असताना हा कशाला, असं म्हणून तो विषय तिथेच सोडला.

बँकेचा आयपी असलेला सर्व्हर

जीकेईवरच्या वेब ॲपमध्ये स्नॅपशॉट लावून बघितले तर परताव्याची रक्कम तिथे अगदी बरोबर होती. म्हणजे पैसा वर्करमध्ये हरवत होता. त्याच सर्व्हरवर, ज्याला कोणी हात लावत नव्हतं.

तिथे मेटाडेटा सर्व्हर नाही, वर्कलोड आयडेंटिटी नाही. गूगलबाहेरच्या मशीनला की शिवाय ओळख देणारी वर्कलोड आयडेंटिटी फेडरेशनची सोय असते, पण तिला ओळख देणारा दुसरा कोणी तरी प्रोव्हायडर लागतो. भाड्याच्या एकट्या मशीनकडे तो कुठून येणार? म्हणजे जेसन (मजकुराचा एक फॉरमॅट) की फाइलला पर्याय नव्हता. ही की वेगळ्या सर्व्हिस अकाउंटची बनवली. जीकेईवरचं अकाउंट आणि हे अकाउंट एक ठेवलं नाही, कारण एक जरी गळालं तरी दुसरं बंद करावं लागू नये. सर्व्हिसचं नावही वेगळं दिलं, म्हणजे कन्सोलमध्ये वेब आणि वर्कर निरनिराळे दिसतील. सायडकिक वेब विनंत्यांमधून जात नाही, म्हणून एजंट हाताने सुरू करायची एक ओळ वर्करच्या इनिशियलायझरमध्ये टाकली.

पहिला अडथळा: 'नायदर पब की नॉर प्रिव्ह की'. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीची ही एरर रूबीवाल्यांच्या चांगल्या ओळखीची आहे. 'डिबगर क्रेडेन्शियल्स'मध्ये फाइलचा पाथही चालतो आणि अख्खा जेसन मजकूरही चालतो. यांनी अख्खा जेसन सिस्टमडीच्या (लिनक्सवर प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या यंत्रणेच्या) एन्व्हायरन्मेंट फाइलमध्ये चिकटवला होता. त्या जेसनमधल्या प्रायव्हेट की मध्ये ओळ बदलण्याची खूण बॅकस्लॅश आणि एन अशी असते. वाटेत अवतरणचिन्हं आणि बॅकस्लॅश सोलले गेले, ओळी तुटल्या, आणि उरलेला मजकूर की सारखा दिसतो पण की नसतो. अवतरणचिन्हांशी कुस्ती खेळण्यात शहाणपण नाही. फाइल डिस्कवर ठेवली, मालकी वर्कर चालवणाऱ्या यूजरची, परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी), आणि व्हेरिएबलमध्ये फक्त पाथ.

दुसरा अडथळा त्याहून मजेचा. टोकन मागितलं की 'इनव्हॅलिड जेडब्ल्यूटी' असा निरोप: टोकन थोड्या काळासाठीचं हवं, वेळ तपासा. की फाइल वापरताना होतं असं, की लायब्ररी प्रायव्हेट की ने एक छोटा मजकूर, म्हणजे जेडब्ल्यूटी, सही करते. त्यात 'हा आत्ता बनवला' आणि 'इतक्या वाजता संपेल' अशा दोन वेळा असतात. गूगल ती सही तपासून तासाभराचं टोकन देतं. सर्व्हरचं घड्याळ काही मिनिटं पुढे होतं. म्हणजे गूगलच्या दृष्टीने ते पत्र अजून लिहिलंच गेलेलं नव्हतं. घड्याळ मागे असतं तर कदाचित कोणाला कळलंही नसतं. बाहेर जाणारा एनटीपीचा यूडीपी पोर्ट १२३ फायरवॉलमध्ये बंद होता, त्यामुळे घड्याळ जुळवणारं कोणी नव्हतं. डेटा सेंटरच्या स्वतःच्या टाइम सर्व्हरला जोडून दिलं. फायरवॉलमध्ये टोकनच्या आणि डिबगरच्या पत्त्यांना ४४३ वर बाहेर जाऊ दिलं. बस्स, एवढंच, बँकेच्या नियमाला कुठेही धक्का लागला नाही.

आणि वर्कर कन्सोलमध्ये आला.

स्नॅपशॉट लावण्याआधी आयएएमची यादी मात्र पुन्हा काढली. एजंटचं ऑथेंटिकेशन ही अर्धी गोष्ट. दुसरी अर्धी म्हणजे कन्सोलवर बसून बघणारा माणूस. एजंट जे टिपतो त्यात प्रवाशाचं नाव, मोबाइल नंबर, खात्याचे तपशील असं सगळं येऊ शकतं, कारण त्या ओळीवर ते मेमरीत असतं. आणि ते बघायला कुठली की लागत नाही, प्रोजेक्टवर रोल असला की झालं. या प्रोजेक्टवर 'एडिटर' रोल सढळ हाताने वाटलेला होता. त्यात दोन नावं नोकरी सोडून गेलेल्यांची. ती काढली. डिबगर वापरणारे मोजके लोक ठरवले आणि त्यांना 'क्लाउड डिबगर यूजर' हा नेमका रोल दिला, बाकीच्यांचा एडिटर काढून त्यांच्या कामापुरते रोल. सर्वात जास्त कुरकुर याच कामावर झाली, आणि माझ्या मते सर्वात मोलाचं कामही हेच होतं.

मग परताव्याची पैशांत रक्कम काढणाऱ्या ओळीवर अट घालून स्नॅपशॉट लावला. संध्याकाळच्या रद्द तिकिटांमध्ये तो टिपला गेला. परत द्यायचं सेवाशुल्क १९.९९ रुपये. त्याला १०० ने गुणल्यावर उत्तर १९९८.९९९९९९९९९९९९८, आणि पूर्णांक करताना पुढचं सगळं कापलं जाऊन १९९८. पैसा हरवला तो इथे. वेब ॲपमध्ये हीच रक्कम डेटाबेसमधून बिगडेसिमल (अचूक दशांश) म्हणून यायची, म्हणून तिथे हिशेब चोख. सायडकिक आपली आर्ग्युमेंट जेसनमध्ये साठवतो. जॉब टाकणाऱ्याने रक्कम फ्लोट (अंदाजे साठवला जाणारा दशांश) करून पाठवली होती. स्टेजिंगच्या टेस्ट डेटामध्ये सगळी शुल्कं गोल रुपयांत होती, म्हणून तिथे तो कधी दिसला नाही. रक्कम पैशांतच, पूर्णांक म्हणून पाठवायचा बदल एका पुल रिक्वेस्टमध्ये झाला. काकांची प्रिंटआउट थांबली.

गूगलने १६ मे २०२२ ला ही सेवा डेप्रिकेट (बंद होण्याच्या मार्गावर) झाल्याचं जाहीर केलं आणि ३१ मे २०२३ ला ती बंद केली. बदली म्हणून फायरबेस रिअलटाइम डेटाबेसवर चालणारा ओपन सोर्स स्नॅपशॉट डिबगर आला, पण त्याचे एजंट जावा, पायथॉन आणि नोडसाठी होते, रूबीसाठी नाही. मग यांनी जेम काढून टाकली.

जेम काढणं एका ओळीचं काम होतं. मागे काय काय राहिलंय ते शोधणं त्याहून लांब. सर्व्हिस अकाउंटची की आपोआप कालबाह्य होत नाही, सेवा बंद झाली म्हणून ती मरतही नाही. वेगवेगळी अकाउंट केल्याचा फायदा इथे दिसला. डिबगरची दोन्ही अकाउंट आधी डिसेबल केली, कोणाचं काही अडत नाही हे बघितलं आणि मग डिलीट केली. पीडीएफला काही झालं नाही, बँकेच्या वर्करलाही नाही. भाड्याच्या सर्व्हरवरची जेसन फाइल आणि तिचा बॅकअपमधला जुळा, दोन्ही पुसले. वर्कलोड आयडेंटिटी मात्र ठेवली, आणि नंतर 'स्टोरेज कीफाइल' काढून पीडीएफचं कामही तिच्यावरच नेलं. इनिट कंटेनर अजून चार्टमध्ये आहे. डिबगर गेल्यावर तो काढायचा प्रस्ताव आला होता. टीम लीडने नकार दिला, कारण आता बूट होताना टोकन मागणारं दुसरं काही तरी तिथे आहेच.